सणाआधींचा बाजार

सण केव्हां यावयाचा हें पंचांग ठरवितें, अशी आपली समजूत आहे. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला तर हें काम बाजारानें हळूहळू आपल्याकडे ओढून घेतलें आहे, असें दिसून येईल. दिवाळीच्या सवलतींच्या जाहिराती नवरात्राच्या आधींच झळकूं लागतात. आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतून आकाशकंदील उतरतात न उतरतात तोंच नाताळचीं झाडें उभीं राहतात. ही घाई कोठून आली व तिचें मोल कोण देतो, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

नाताळ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. मागच्या पिढ्यांतील मराठी सुशिक्षितास तो मुख्यतः सुटी म्हणून ठाऊक होता. काँग्रेसचें पहिलें अधिवेशन मुंबईस २८ डिसेंबर १८८५ रोजीं भरलें, तें याच सुटींत. ख्रिस्ती धर्माच्या जुन्या वहिवाटीप्रमाणें नाताळच्या आधींचे चार रविवार संयमाचे व प्रतीक्षेचे असत. उत्सवास आरंभ होई तो २५ डिसेंबरला, आणि तो पुढें ६ जानेवारीपर्यंत चाले. म्हणजे आनंद सणाच्या नंतरचा होता. बाजारानें तो सणाच्या आधीं आणून ठेवला.

याचें कारण साधें आहे. सण सुरू झाला कीं खरेदी संपते. दुकानदाराच्या दृष्टीनें सणाचे दिवस म्हणजे सणाच्या अलीकडचे दिवस. १८४३ सालीं लंडनमध्यें हेन्री कोल यांनीं नाताळचें छापील शुभेच्छापत्र काढलें. असें पत्र वेळेवर पोंचावयाचें तर तें आधीं विकत घेऊन आधींच टपालांत टाकलें पाहिजे. समुद्रापलीकडे भेटवस्तू पाठवावयाची तर कित्येक आठवडे अगोदर तजवीज करणें भाग होतें. अशा रीतीनें छापखाना, टपाल व आगबोट यांनीं मिळून सणाची हद्द मागें मागें सरकविली.

तथापि ‘खरेदी लवकर करा’ ही हांक प्रथम निव्वळ नफ्यासाठीं दिली गेली, असें मात्र नाहीं. अमेरिकेंत १८९९ सालीं ग्राहकांचा एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला; फ्लोरेन्स केली या त्याच्या चिटणीस होत्या. नाताळपूर्वींच्या गर्दींत दुकानांतून उभ्या राहणाऱ्या मुली व निरोप्याचें काम करणारीं लहान मुलें रात्रीं उशिरांपर्यंत राबत. १९०३ सालीं केलीबाईंनीं एक लेख लिहून सणाची ही विटंबना समाजापुढें मांडली. आपण अखेरच्या दिवशीं धांवत गेलों तर त्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हें ग्राहकानें पाहावें, एवढेंच त्यांचें सांगणें होतें. व्यापाऱ्यांनीं हांक उचलली, आणि तिच्यांतील करुणा तेवढी टाकून दिली. १९३९ सालीं तर तेथील दुकानदारांच्या आग्रहावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं नोव्हेंबरांतील ‘थँक्सगिव्हिंग’चा सण ३० तारखेवरून २३ वर आणला. हेतु हा, कीं नाताळच्या खरेदीस एक आठवडा अधिक मिळावा. कांहीं राज्यांनीं नवी तारीख मानली, कांहींनीं जुनी. अखेर १९४१ सालीं कायदा करून चौथा गुरुवार मुक्रर करावा लागला. बाजारासाठीं पंचांग हलविल्याचें याहून उघड उदाहरण क्वचितच सांपडेल.

बाजार सणाआधीं येतो तो सर्वस्वीं वाईटच, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्यापासून मराठी घरांत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचनाचा फराळही येऊं लागला. पेणच्या मूर्तिकारांचे हात भाद्रपदाच्या पुष्कळ आधींपासून मातींत असतात, म्हणून तर चतुर्थीस घरोघर गणपति बसतो. आधीं करावयाचें काम आणि आधीं लादलेली हौस, यांतील भेद ओळखतां आला पाहिजे. तो ओळखावयाचा कोणीं? अर्थात् विकत घेणारानें.

विकत घेणें ही विचारपूर्वक करावयाची कृति आहे, हा धडा महाराष्ट्रास ज्यांनीं प्राण देऊन शिकविला ते आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ या गांवचे होते. बाबू गेनू सैद यांचा जन्म तेथें १९०८ सालीं एका गरीब शेतकरी घरांत झाला. पोटासाठीं ते मुंबईस गेले व कापडगिरणींत कामगार झाले. १९३० च्या कायदेभंगांत ते उतरले. त्या वर्षीं १२ डिसेंबरला काळबादेवी भागांतून परदेशी कापडानें भरलेला ट्रक पोलिसांच्या बंदोबस्तांत निघाला असतां ते त्याच्यापुढें आडवे पडले. ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. तेव्हां त्यांचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें.

केलीबाईंचा लेख आणि बाबू गेनूंचें बलिदान हीं एका तोलाचीं आहेत, असें मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु दोघांनीं विचारलेला प्रश्न एकच होता: हा माल कोणाच्या श्रमानें, कोणाच्या तोट्यानें माझ्या दारीं आला? दुकानांतील झगमगाट जितका लवकर सुरू होतो तितका हा प्रश्न विचारण्याचा अवकाश कमी होतो. सणाचा उत्साह आधींच चेतविला कीं गिऱ्हाईक विचार करीत नाहीं, हें जाहिरातदार पुरतें जाणून असतो.

पुण्यांत मंडईजवळ बाबू गेनूंच्या नांवाचें गणेशोत्सव मंडळ आहे. मुंबईंत काळबादेवीस त्यांच्या नांवाचा रस्ता आहे. दोन्ही ठिकाणें भर बाजारांतलीं. सणाच्या खरेदीस तेथून जाणाऱ्या गृहस्थानें व गृहिणीनें ती पाटी वाचून क्षणभर थांबावें आणि हातांतील यादी पुन्हां एकदां पाहावी. कांहीं वस्तु यादींत राहतील, कांहीं गळतील. आणि ज्या राहतील त्या मात्र आपल्या इच्छेनें घेतलेल्या असतील.