दंगलीआधीची बैठक : भिवंडीच्या मोहल्ला कमिट्या आणि आपल्याकडील शांतता समित्या

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याला झेंडा बांधला जातो आणि दोन्ही काठांवरून दगडफेक सुरू होते. ही गोटमार पाहायला लोधीखेड्याहूनही माणसे जातात. कित्येक लोक जखमी होतात. काही वर्षी मृत्यूही झाले आहेत. प्रशासनाने २००१ साली दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक पुन्हा दगडांकडे वळले. मेळ्याआधी शांतता समितीची बैठक होते. तीत रुग्णवाहिका, बंदोबस्त, दारूबंदी अशा गोष्टी ठरतात. दगड का मारायचा, हा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही.

गोटमार हा धार्मिक संघर्ष नव्हे. दोन्ही काठांवरचे लोक एकाच चंडीमातेला मानतात आणि त्यांच्यात सोयरिकीही आहेत. तरीही आरंभी तिचा उल्लेख केला, कारण ‘शांतता समिती’ या शब्दाचा जो अर्थ आपल्या भागात रूढ आहे तो या बैठकीत स्पष्ट दिसतो. मोहरम, गणपती, दुर्गोत्सव, ईद यांच्या दोन-चार दिवस आधी ठाण्यावर निरोप जातो. नेहमीचेच दहा-पंधरा प्रतिष्ठित येतात. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ वाचून दाखवली जाते. चहा होतो, सह्या होतात. अशा काही बैठकांना मी बसलेलो आहे. पुढच्या सणापर्यंत त्या पंधरा जणांपैकी दोघेही या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. याला संवाद म्हणावे का, हा प्रश्न मनात आला की भिवंडीचा इतिहास पुन्हा उघडावासा वाटतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, जुने कोकणी मुसलमान, आगरी-कोळी व इतर मराठी हिंदू, तेलुगू पद्मशाली कारागीर, सुताचा व्यापार करणारे गुजराती-मारवाडी अशी तिथली वस्ती आहे. माग एकाचा, सूत दुसऱ्याचे, मजुरी तिसऱ्याची, असा तिथला व्यवहार. व्यवहारात गुंतलेली माणसे भांडत नाहीत, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. भिवंडीने हे विधान दोनदा खोटे ठरवले. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा आणि गुलाल यांवरून आधीची काही वर्षे ताण साचत होता. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून हजारो लोक लाठ्या घेऊन आले होते. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या साऱ्याची चौकशी केली, आणि आजही त्या अहवालाइतका तपशीलवार दस्तऐवज क्वचितच सापडतो. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे, कल्याण व मुंबईत पसरली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. असगर अली इंजिनियर यांनी त्याच वर्षी भिवंडी-मुंबईच्या दंगलीचे विश्लेषण व कागदपत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. दोन्ही वेळी माग चालूच होते आणि सुताची उधारीही चालू होती. पोटासाठी एकत्र येणे आणि संकटात एकमेकांच्या दारी जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरेश खोपडे हे १९८८ साली भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. जुन्या पद्धतीची शांतता समिती त्यांना पुरेशी वाटली नाही. तिच्यात बसणाऱ्या पुढाऱ्यांचे महत्त्व तणाव असतानाच वाढते, मग तणाव कायमचा संपावा अशी घाई त्यांना का असावी? (हा युक्तिवाद माझा आहे, पण आपल्याकडच्या बैठका पाहणाऱ्याला तो पटेल.) खोपडे यांनी शहरात सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक कमिटीत हिंदू व मुसलमान सारख्या संख्येने घेतले. गुन्ह्यांची नोंद असलेले आणि व्यावसायिक राजकारणी बाहेर ठेवले. गल्लीतली साधी माणसे आत आली. बीटवरच्या पोलीस कर्मचाऱ्याकडे कमिटीची जबाबदारी आली, म्हणजे ज्याला गल्लीची माणसे नावाने ओळखतात त्याच्याकडे.

बैठका सणापुरत्या नव्हत्या, वर्षभर ठरावीक अंतराने होत. त्यांत धर्माची चर्चा फारशी नसे. नळावरची भांडणे, नवरा-बायकोचे तंटे, शेजाऱ्यांच्या कुरबुरी, ठाण्याबद्दलच्या तक्रारी असे विषय येत. माझ्या मते या प्रयोगाचे मर्म इथेच आहे. ज्याच्याबरोबर आपण गटाराचा प्रश्न सोडवला, त्याच्याविषयीची अफवा ऐकल्यावर माणूस आधी त्याला जाऊन विचारतो. ही सवय अफवा आल्या दिवशी लागत नाही.

मराठीतला ‘सलोखा’ हा शब्द अरबी ‘सुलूक’वरून आला. उर्दूत सुलूक म्हणजे वागणूक, एकमेकांशी करायचा व्यवहार. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी थबकतात, कारण मराठीत सलोखा ही आता मनाची एक गोड अवस्था झाली आहे. मूळ शब्दात मनापेक्षा आचरण मोठे आहे. भिवंडीच्या कमिट्यांत कोणी कोणाला प्रेम करायला सांगितले नाही, नियमाने भेटायला सांगितले.

६ डिसेंबर १९९२ नंतर कसोटी लागली. मुंबईत डिसेंबर व जानेवारी मिळून ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. शेजारच्या भिवंडीत, जिचे नावच दंगलीचा पर्याय झाले होते तिथे, दंगल झाली नाही. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, पण त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने कमिट्या मोडल्या नाहीत. पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ याच प्रश्नावर खोपडे यांनी पुस्तक लिहिले. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील हिंदू-मुस्लिम दंगलींवरच्या ग्रंथात भिवंडीचा दाखला दिला तो वेगळ्या कारणाने. दोन समाजांना जोडणाऱ्या संस्था जिथे असतात तिथे शांतता टिकते, हे त्यांचे मुख्य म्हणणे; आणि अशा संस्था नसतील तर शासनयंत्रणाही त्या घडवू शकते, हे भिवंडीने दाखवले. मुंबईनेही मग हा धडा घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ पासून तिथे मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली.

या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती प्रचारपत्रिका होईल. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीतच पोलीस ठाण्याच्या नियोजित इमारतीच्या जागेवरून पोलीस आणि मुस्लिम जमाव यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले; त्यानंतर दोन पोलिसांची हत्या झाली. वाद हिंदू-मुसलमानांत नव्हता. ज्या पोलिसाला कमिटीत यजमानाची जागा दिली होती, तोच आता वादाचा पक्षकार होता. पोलीस हाच एक पक्ष झाला तर मध्यस्थ कोण, या प्रश्नाचे उत्तर १९८८ च्या रचनेत नव्हते. सहा दिवसांनी, ११ जुलैला, मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, आणि तेव्हा भिवंडी व मुंबई दोन्ही शांत राहिली. हे दोन्ही प्रसंग एकाच आठवड्यातले आहेत. त्यांपैकी एकच निवडून कमिट्या यशस्वी किंवा अयशस्वी ठरवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आता आपल्या भागाकडे. सौंसर-पांढुर्णा पट्टा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, मदरशात उर्दू. शांतता समितीचे इतिवृत्त हिंदीत लिहिले जाते. मराठीत बोललेली बाई किंवा उर्दूत बोललेला म्हातारा त्यात ‘सर्वसंमति से’ या दोन शब्दांत विरघळून जातो. मुळात बाई त्या बैठकीत असतेच किती वेळा? भिवंडीसारखी दंगल आपल्याकडे झालेली नाही, म्हणून हा विषय आपला नाही असे काही सहकारी म्हणतात. १९६९ साली भिवंडीतही अनेकांना असेच वाटले असेल.

अधिकारी बदलीवर जातात. महाविद्यालयातला शिक्षक सहसा तिथेच निवृत्त होतो, आणि त्याच्या हजेरीपटावर दोन्ही समाजांची घरे एकाखाली एक लिहिलेली असतात. आमच्या विभागात मागच्या वर्षी मराठी व उर्दूच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले : आपल्या गल्लीतल्या, दुसऱ्या समाजाच्या एका वृद्ध व्यक्तीकडे जाऊन पूर्वीच्या सणांची माहिती तिच्याच भाषेत लिहून आणायची. बावीस विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांनी सांगितले की अशा एकाही घरात ते आजवर गेलेले नाहीत. पाच जण शेवटपर्यंत गेले नाहीत. उरलेल्या चौघांपैकी एका मुलीला त्या घरच्या आजीने पुढच्या गुरुवारी परत बोलावले आहे, कारण गोष्ट अर्धी राहिली होती.