5.6 दिवसांची फेरी

एखादी सर्व्हिस गंडते आणि तिचे स्वतःचे लॉग्ज कोरे असतात. मग आम्ही शेजारच्या सर्व्हिसचे लॉग्ज उघडतो. आकाशातलं पहिलं कृष्णविवर असंच सापडलं: शेजाऱ्याच्या साक्षीवरून.

वातावरण क्ष-किरण अडवतं, म्हणून उपकरणं वर न्यावी लागतात. 1964 साली न्यू मेक्सिकोतून सोडलेल्या रॉकेटला हंस तारकासमूहात क्ष-किरणांचा एक जोरकस स्रोत दिसला: सिग्नस एक्स-1. पण रॉकेट वर राहतं जेमतेम काही मिनिटं. 12 डिसेंबर 1970 ला, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, तिथल्याच किनाऱ्याजवळून पहिला क्ष-किरण उपग्रह उडाला. नाव 'उहुरू', म्हणजे स्वाहिलीत 'स्वातंत्र्य'. त्याला दिसलं की हा स्रोत सेकंदभरात अनेकदा लुकलुकतो. प्रकाशाला वस्तू ओलांडायला जो वेळ लागतो, त्याहून झपाट्याने ती अख्खी लुकलुकू शकत नाही. म्हणजे प्रकरण ताऱ्यापेक्षा फारच छोटं होतं.

1971 मध्ये रेडिओ दुर्बिणींनी नेमकी जागा दाखवली. तिथे होता एचडीई 226868 हा निळा महाकाय तारा. एकटा तारा एवढे क्ष-किरण फेकू शकत नाही. इंग्लंडमध्ये लुईस वेब्स्टर आणि पॉल मर्डिन, टोरांटोजवळ टॉम बोल्टन, यांनी स्वतंत्रपणे त्याचा वर्णपट तपासला. रेषा मागेपुढे सरकत होत्या: तारा 5.6 दिवसांत कुणाभोवती तरी फेरी मारत होता. तो 'कुणीतरी' दिसत नव्हता, पण वजनदार होता. ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जाऊन गरगरत तापतो, आणि क्ष-किरण निघतात ते त्या वायूतून.

मर्डिन तेव्हा 29 वर्षांचे, बोल्टन 28 चे. माझ्याच वयाची पोरं म्हणायची! 'कृष्णविवर' हा शब्द छापायचा आणि चुकलं तर करिअरभर पुरेल इतकं हसं. 1972 मध्ये त्यांनी तो छापला, पण जपून, शक्यता म्हणून.

शंका घेणारे खुद्द हॉकिंग होते. हे कृष्णविवर नाही, अशी पैज त्यांनी किप थॉर्नशी लावली. आयुष्यभराचं काम वाया गेलंच, तर निदान पैज जिंकल्याचं समाधान! 1990 मध्ये त्यांनी हार मानली.

2021 च्या मोजणीनुसार या विवराचं वस्तुमान सुमारे 21 सूर्यांएवढं आहे. 2015 साली उडालेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटनेही त्याचे क्ष-किरण टिपलेत. त्यातली काही उपकरणं मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडली.

विवर अजूनही गप्पच आहे. शेजारी मात्र दर 5.6 दिवसांनी तीच साक्ष देतो.