आधी कान, मग अँप्लिफायर

जॅझ गिटार ऐकायची तर आधी यंत्रणा उत्तम हवी, हे मत हौशी श्रोत्यांत आता जवळजवळ सिद्धान्त होऊन बसले आहे. साध्या स्पीकरवर वेस माँटगोमेरीच्या अंगठ्याचा मऊपणा किंवा जिम हॉलचा हळुवार स्पर्श पोहोचतच नाही. तेव्हा लाखभराचा संच आणि हाय-रेझोल्यूशन फायली आधी, रसग्रहण नंतर, असे सांगितले जाते.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर 41 हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलच्या स्पीकरवर त्याचा मूळ गाभा हरवतो. झांजेची धारही बोथट होते. पण यावरून महागड्या यंत्राविना गिटारवादक कळत नाही, असे ठरत नाही.

गिटारचेच पाहा. तिचे मूळ स्वर साधारण 82 ते 1100 हर्ट्झमध्ये येतात. इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरमधला स्पीकर 5000 हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंदावतो. जॅझ गिटारचा तो गोल, काहीसा दबका आवाज या मर्यादेतूनही घडला. जे वादकाच्या अँपमधून बाहेरच पडले नाही, ते आपल्या दिवाणखान्यातला संच कुठून आणणार?

इतिहासही हेच सांगतो. जँगो राइनहार्टची कीर्ती 78 आरपीएमच्या खरखरीत तबकड्यांवर पसरली. 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या मिंटन्स क्लबमध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन वाजवत होता, तेव्हा जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने सोबत नेता येणाऱ्या यंत्रावर ते वादन टिपले. पुढच्याच वर्षी ख्रिश्चन पंचविशीतच वारला. ती ओबडधोबड मुद्रणे गिटारवादक आजही अभ्यासतात. 1955 पासून व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओवर विलिस कोनोव्हर जॅझ ऐकवत असे; शॉर्टवेव्हच्या चढउतारातूनच देशोदेशी श्रोते तयार झाले. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून लहानग्या भीमसेनने घर सोडले, तेव्हा त्याने ग्रामोफोनची किंमत विचारली नव्हती.

हाय-रेझोल्यूशनच्या दाव्याची परीक्षाही झाली आहे. मेयर आणि मोरन या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले रूप श्रोत्यांना ओळखायला सांगितले. 554 पैकी 276 उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच.

आणि आपल्या नागपूरचे काय? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की बैठकीत कूलर अखंड घरघरतो. त्या घरघरीखाली मंद्रातले बारकावे बुडतात, मग अँप कितीही किमतीचा असो. खाली गुळगुळीत फरशी, चहूबाजूंनी उघड्या भिंती. आवाज घुमून गढूळ होतो. इथे सतरंजी, जाड पडदे आणि रात्री तासभर बंद ठेवलेला कूलर जे साधतात, ते पैशाने साधत नाही.

खर्च करायचाच तर तो लक्ष देण्याचा करावा. माँटगोमेरीचे 1960 चे ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ घ्या. तीन मात्रांच्या चालीतली ही ब्लूज; ख्यालाचा श्रोता समेची वाट पाहतो, तसे तिचे आवर्तन आधी मनात बसवा. मग पाहा, तो एकेरी स्वरांनी सुरुवात करतो. पुढे तोच स्वर एकदम दोन सप्तकांत वाजवतो, मधली तार डाव्या हाताच्या बोटाने मुकी करून. शेवटी भरगच्च कॉर्डवर येतो. एवढी चढण पन्नास रुपयांच्या इअरफोनमधूनही ऐकू येते. माँटगोमेरी दिवसा नोकरी करी. रात्रीच्या रियाजाने शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्याने पिक टाकून अंगठा धरला, असे सांगतात.

चांगला स्पीकर घेऊ नका, असे म्हणणे नाही. ऐपत असेल तर जरूर घ्या. पण त्यासाठी ऐकणे पुढे ढकलू नका. एकच वादन दहा वेळा ऐका. मग संच बदलायची गरज आहे का, हे तुमचे तुम्हालाच कळेल.