विद्यापीठाचे दार

इंग्लंडमधील शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांस ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. तेथे सोळाव्या वर्षी विद्यार्थी बहुधा तीनच विषय निवडतो व इतरांचा निरोप घेतो. १९५१ साली ‘ए लेव्हल’ परीक्षा सुरू झाली आणि या निवडीला आजचे रूप आले.

परंतु ही निवड केवळ आवडीची कधीच नव्हती. प्रवेशासाठी ग्रीक भाषेची असलेली सक्ती केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये उठविली. लॅटिनची सर्वांवरील सक्ती मात्र १९६० पर्यंत टिकली. तोवर पदार्थविज्ञानाची ओढ असणाऱ्यालाही लॅटिनची रूपे घोकणे भाग होते.

लेखी अट गेली, तरी विद्यापीठांच्या पसंतीचा दबाव राहिला. २०११ साली ‘रसेल ग्रुप’ या विद्यापीठसंघाने अधिकाधिक अभ्यासक्रमांची दारे उघडी ठेवणाऱ्या विषयांची यादी प्रसिद्ध केली. तीत गणित, भौतिकशास्त्र, इतिहास, भाषा होत्या; संगीत व चित्रकला नव्हत्या. कलाविषयांची त्यामुळे उपेक्षा होते, अशी टीका झाली आणि २०१९ मध्ये ती यादी मागे घेण्यात आली.

विद्यापीठाला आपला नियम एका ठरावाने बदलता येतो. सोळाव्या वर्षी सोडलेला विषय पुन्हा हाती धरणे विद्यार्थ्याला तितके सोपे नसते.