दोन वर्गण्या

६ मे २०१३ रोजी लॉस एंजेलिसला ॲडोबी कंपनीचा वार्षिक मेळावा भरला होता. तिथे जाहीर झालं की फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन यांच्या नव्या आवृत्त्या यापुढे विकत मिळणार नाहीत. आदल्या वर्षी आलेला ‘क्रिएटिव्ह सूट ६’ हा विक्रीचा शेवटचा संच. पुढचं ज्याला हवं असेल त्याने ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ची वर्गणी भरावी: सगळ्या संचाला महिना ४९.९९ डॉलर, तेही वर्षभराच्या बोलीवर. तोवर एकटं फोटोशॉप ६९९ डॉलरना मिळायचं. ते स्वस्त नव्हतंच. पण एकदा पैसे मोजले की ते आपल्या संगणकावर राहायचं, आणि नवी आवृत्ती घ्यायची की जुनीवरच भागवायचं हे आपण ठरवायचो. आता वर्गणी थांबली की सॉफ्टवेअरही थांबणार होतं.

जाहिरात संस्थांनी हिशेब मांडला आणि बहुतेकांना तो जमला. ज्याचं पोटच या कामावर आहे त्याला महिन्याचा हप्ता म्हणजे विजेच्या बिलासारखा खर्च. हौशी माणसाचं वर्ष मात्र असं सपाट नसतं. गणपतीच्या आधी मंडळाचं पत्रक, दिवाळीत एखादं भेटकार्ड, घरात लग्न किंवा मुंज निघाली तर पत्रिका, सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचा फलक. मधले कित्येक महिने सॉफ्टवेअर उघडलंही जात नाही, हप्ता मात्र चालूच. ॲडोबीच्या निर्णयाविरुद्धच्या अर्जावर तेव्हा हजारो लोकांनी सह्या केल्या. निर्णय बदलला नाही.

मराठीत ‘वर्गणी’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मासिकाची वर्गणी भरली नाही तर अंक यायचा थांबतो. गणपतीची वर्गणी ज्याने दिली नाही त्यालाही दर्शन होतं, प्रसाद मिळतो, आरतीला उभं राहता येतं. चित्रं आणि अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या जगात या दोन्ही वर्गण्या आहेत, आणि त्यातली दुसरी अधिक जुनी आहे.

तिची सुरुवात १९९५ मध्ये बर्कलीला झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणारे स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस कंपायलरच्या विषयासाठी लिस्प भाषेत एक प्रकल्प लिहीत होते. प्रकल्प रखडला होता, झोप झालेली नव्हती. शेवटी त्यांनी तो बाजूला ठेवला आणि चित्रं हाताळणारं एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. जुलै १९९५ च्या अखेरीस मॅटिसने इंटरनेटवर विचारणा केली: कुणी फोटोशॉपसारखं काही लिहायचं म्हटलं, तर त्यात काय काय असावं? जानेवारी १९९६ मध्ये ‘गिम्प’ लोकांसमोर आलं. आजही गिम्पची चित्रं ‘एक्ससीएफ’ या नावाच्या फाइलमध्ये साठवली जातात. ती अक्षरं बर्कलीच्या त्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेची आहेत, एक्सपेरिमेंटल कॉम्प्युटिंग फॅसिलिटीची.

पहिल्या गिम्पमध्ये एक अडचण होती. त्याची बटणं, मेन्यू आणि खिडक्या ‘मोटिफ’ नावाच्या संचावर उभ्या होत्या आणि मोटिफला पैसे पडत. घर फुकट, दारं-खिडक्या विकतच्या. मग मॅटिसने स्वतःच दारं-खिडक्या घडवायला घेतल्या. त्या संचाचं नाव ‘जीटीके’, म्हणजे गिम्पची हत्यारपेटी. १९९७ मध्ये सुरू झालेला ‘ग्नोम’ हा लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचा आख्खा डेस्कटॉप याच पेटीवर उभा राहिला. लिनक्सचं चिन्ह असलेला ‘टक्स’ हा गुबगुबीत पेंग्विन लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये गिम्पमध्येच रंगवला.

शिक्षण संपल्यावर किम्बल आणि मॅटिस आपापल्या वाटेने गेले. बाजारातल्या वस्तूचं दुकान अशा वेळी बंद होतं. इथे सॉफ्टवेअरची संहिता सगळ्यांसाठी खुली होती, त्यामुळे दुसऱ्यांनी काम हाती घेतलं. मात्र हौशी हातांनी चाललेलं काम किती संथ असतं, हेही गिम्पच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. चित्रावरची प्रक्रिया अधिक अचूक करणारं ‘गेगल’ हे इंजिन लिहायला २००० मध्ये सुरुवात झाली. ते गिम्पमध्ये पूर्णपणे बसलं २०१८ मध्ये. सगळी अवजारं एकाच खिडकीत दिसण्यासाठी लोकांना २०१२ पर्यंत थांबावं लागलं. लावलेला परिणाम मागाहून बदलता येण्याची सोय मार्च २०२५ च्या ‘गिम्प ३’ मध्ये आली. फोटोशॉप वापरणाऱ्यांना ही सोय कितीतरी आधीपासून होती. गिम्पला सर्वांत जास्त त्रास झाला तो फोटोशॉपची फुकट नक्कल म्हणून बघितलं गेल्याचा. नकलेच्या मापाने मोजलं की ते कायम कमीच भरतं.

ही गोष्ट ‘क्रिता’च्या मंडळींनी वेळेवर ओळखली, आणि त्यांचा इतिहास म्हणूनच अधिक रंजक आहे. मुळात क्रिता एका भांडणातून निघालं. १९९८ च्या लिनक्स काँग्रेसमध्ये केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचे जनक मातियास एट्रिश यांनी गिम्पवर आपल्या पद्धतीच्या दारं-खिडक्या बसवून दाखवल्या. गिम्पवाल्यांना ते रुचलं नाही. तेव्हा केडीईवाल्यांनी स्वतःचंच चित्रसॉफ्टवेअर लिहायचं ठरवलं. आधी ‘केइमेजशॉप’, मग ‘क्रेयॉन’ आणि शेवटी ‘क्रिता’, अशी त्याची नावं बदलत गेली. स्वीडिश भाषेत ‘क्रिता’ म्हणजे खडू. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात महाभारतातला ‘कृत’ हा शब्दही होता. कृतयुगातला, पूर्णत्वाच्या अर्थाचा.

नाव मिळालं तरी सॉफ्टवेअर बरीच वर्षं कच्चंच होतं. नेदरलँड्सचे बाउडेवाइन रेम्प्ट यांनी त्याची धुरा घेतली. फोटो सुधारण्याच्या शर्यतीतून बाहेर पडायचं आणि फक्त रंगवणाऱ्यांसाठी काम करायचं, असं २००९ च्या सुमारास त्यांच्या गटाने ठरवलं. कुंचले, कागदाचा पोत, टॅबलेटवर हाताचा दाब ओळखणं, कॉमिक्सच्या चौकटी, यावर सगळी ताकद लागली. २०१४ मध्ये त्यांनी १५ हजार युरोंसाठी लोकांपुढे हात पसरला. सुमारे २० हजार जमले. २०१७ मध्ये डच करखात्याने क्रिता फाउंडेशनकडे २४ हजार युरोंची मागणी केली आणि काम बंद पडायची वेळ आली. वापरणारे धावून आले, एका कंपनीनेही मोठी रक्कम दिली, आणि क्रिता वाचलं. क्रिताच्या संकेतस्थळावरून ते फुकट मिळतं. तेच सॉफ्टवेअर स्टीम आणि मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानांत पैसे देऊन मिळतं. दोन्हींत चित्र काढण्याच्या सोयींचा फरक नाही. पैसे भरणारा स्वतःहून भरतो, आणि त्यातून प्रोग्रामरांचे पगार होतात. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय यांची ‘पेपर अँड कॅरट’ ही कॉमिक मालिका २०१४ पासून क्रितात रंगवली जाते आणि वाचकांच्या वर्गणीवर चालते.

याच वर्गणीचं सर्वांत मोठं उदाहरण त्रिमितीय चित्रांच्या क्षेत्रातलं आहे. २००२ मध्ये ‘ब्लेंडर’ बनवणारी डच कंपनी बुडाली. तिचे संस्थापक टॉन रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांना विचारलं की संहिता खुली करायला किती घ्याल. उत्तर आलं, एक लाख युरो. सात आठवड्यांत लोकांनी ते जमवले, आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांचं झालं. २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा लाटवियन चित्रपट ब्लेंडरमध्ये बनला आहे.

पैसे घेऊन, पण एकदाच घेऊन विकणाराही एक वर्ग होता. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची ‘सेरिफ’ ही कंपनी १९८७ पासून स्वस्तातली डिझाइन सॉफ्टवेअरं विकत होती. ॲडोबी वर्गणीकडे वळल्यावर दीड वर्षाने, ऑक्टोबर २०१४ मध्ये, तिने ‘ॲफिनिटी डिझायनर’ आणलं. ४९.९९ डॉलर, एकदाच. ॲडोबीच्या एका महिन्याच्या वर्गणीइतकी किंमत, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली वाटावी इतकी नेमकी. पाठोपाठ ‘फोटो’ आणि ‘पब्लिशर’ आले. मार्च २०२४ मध्ये कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने सेरिफ विकत घेतली, आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी तिन्ही एकत्र करून ॲफिनिटी फुकट झालं. त्यासाठी कॅन्व्हाचं खातं मात्र हवं. हौशी माणसाच्या खिशाला हे फार सोयीचं आहे. पण मालक एक आहे आणि त्याचा विचार बदलू शकतो, हे लक्षात ठेवूनच ते वापरावं.

महाराष्ट्रात या सगळ्याची चर्चा फार उशिरा झाली, त्याचं एक कारण उघड आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास आणि गावोगावच्या संगणकाच्या दुकानांत फोटोशॉप आणि कोरलच्या चोरीच्या सीडी सहज मिळत. फुकट मिळणाऱ्या चोरीच्या वस्तूपुढे फुकट मिळणाऱ्या हक्काच्या वस्तूकडे कोण बघणार? डीटीपीच्या टेबलावर कोरल आणि पेजमेकरचं राज्य होतं, आणि मराठीसाठी श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम. या फॉन्टांची अंतर्गत मांडणी स्वतंत्र असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हं दिसत.

ही मांडणी सगळीकडे एकच करणारं युनिकोड आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली ती जोडाक्षरांची. ‘क्षत्रिय’ टंकलं की क्षत्रियच दिसतो की हलन्तांची रांग? ‘कि’मधली वेलांटी क च्या आधी येते की नंतर? ‘वऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ यांतला र जागेवर बसतो का? इथे खुल्या सॉफ्टवेअरने बाजी मारली. ‘पँगो’ हे मजकूर मांडणारं इंजिन ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, या दोन शब्दांवरून नाव घेऊन आलं. जगातली प्रत्येक लिपी मांडता आली पाहिजे, याच हेतूने ते लिहिलं गेलं होतं. मार्च २००४ च्या ‘गिम्प २’ ने ते वापरलं. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय आली ती क्रिएटिव्ह सूट ६ मध्ये, म्हणजे २०१२ साली. तिथून वर्षभरात नव्या आवृत्त्यांची विक्रीच बंद झाली. ॲफिनिटी तर बाजारात आल्यावर कितीतरी वर्षं देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवत नव्हतं. मराठी मजकूर इंकस्केप या रेषाचित्रांच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा, त्याचं रेषांत रूपांतर करायचं आणि मग ॲफिनिटीत न्यायचा, ही त्यावरची वाट होती.

ते ‘इंकस्केप’ही असंच फुटून निघालेलं. राफ लेव्हियन यांचं ‘गिल’, त्यातून लॉरिस काप्लिन्स्की यांचं ‘सोडिपोडी’, आणि २००३ मध्ये चार प्रोग्रामर वेगळे होऊन इंकस्केप. त्याची १.० आवृत्ती यायला मे २०२० उजाडला. पण त्याची फाइल एसव्हीजी या खुल्या प्रमाणातली असते आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. आज काढलेली लग्नपत्रिका नातवंडांनाही उघडता यावी, असं वाटणाऱ्याला यापेक्षा भरवशाचं दुसरं काही नाही.

अक्षरांची सोयही आता पुरेशी आहे. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’, ‘बलू’ आणि लाडवासारखा गोलमटोल ‘मोदक’ खुल्या परवान्यावर आहेत; फलकावर, पुस्तकावर, टी-शर्टवर, कुठेही वापरता येतात.

गिम्पचे मेन्यू मराठीत आणण्याचं काम सुरू होऊन बरीच वर्षं झाली, ते अजून पुरं झालेलं नाही. त्याला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. चांगलं मराठी, थोडी चिकाटी आणि आठवड्यातले दोन तास लागतात. ज्यांच्या मंडळाचं पत्रक यंदा गिम्प, क्रिता किंवा इंकस्केपवर निघालं, त्यांनी एवढी वर्गणी जरूर द्यावी.