सिग्नल पडला!

मराठी माणूस सिग्नलाविषयी बोलताना शब्दांची फारशी पर्वा करीत नाही. सिग्नल ‘लागतो’, ‘सुटतो’, ‘तुटतो’ आणि ‘पडतो’. आता हे पडणंच घ्या. परीक्षेत पडणं वाईट, निवडणुकीत पडणं त्याहून वाईट. पण आगगाडीचा सिग्नल पडला की फलाटावरची मंडळी आनंदाने बोचकी उचलायची. कारण त्या जुन्या सिग्नलाला खरोखरच एक हात असायचा. हात आडवा असला की थांबा, खाली पडला की गाडी आली. शहरात मात्र ‘सिग्नल पडला’ म्हणताच रिक्षावाला करकचून ब्रेक दाबतो. एकच शब्द रुळावर चालवतो आणि रस्त्यावर थांबवतो! या घोटाळ्याचं मूळ शोधायला निघालो तो थेट लंडनला पोचलो. (पुस्तकातून. कारकुनाच्या प्रवासभत्त्यात लंडन बसत नाही.)

रस्त्यावरचा पहिला सिग्नल डिसेंबर 1868 मध्ये लंडनला पार्लमेंटसमोर उभा राहिला. तो सुचवणारे जॉन पीक नाइट हे गृहस्थ रेल्वेतले. त्यांनी रेल्वेचाच हात उचलून रस्त्यात रोवला. दिवसा हात आणि रात्री गॅसचे दिवे : लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून जा. ‘बिनधास्त जा’ असं सांगणारा रंगच नव्हता. सरकारी परवानगी तेव्हाही अर्धवटच मिळत असे, हे वाचून मला फार बरं वाटलं. खांबाखाली दांडा फिरवायला एक पोलीस उभा असे. 2 जानेवारी 1869 रोजी गॅसचा स्फोट झाला आणि तो बिचारा गंभीर जखमी झाला. एवढ्यावरून लंडनकरांनी सिग्नलाचा असा धसका घेतला की पुढची पन्नासेक वर्षं नाव काढलं नाही.

गंमत म्हणजे, ज्या रेल्वेने सिग्नलाला जन्म दिला ती 1861 सालीच आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत पोचली होती. आमचा मुरबाड तालुका तिने शिताफीने टाळला. तेव्हापासून सिग्नलाशी आमचं नातं हे असं शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं : ऐकू येतो, पण आपला नाही.

पुढे विजेचा सिग्नल अमेरिकेत आला. 5 ऑगस्ट 1914 रोजी क्लीव्हलँडला लाल-हिरवे दिवे लागले आणि 1920 मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स नावाच्या पोलिसाने चौकात मधला पिवळा दिवा बसवला. या पॉट्ससाहेबांनी कधीतरी बँकेत नोकरी केली असावी असा मला दाट संशय आहे. लाल म्हणजे ‘नाही’, हिरवा म्हणजे ‘हो’ आणि पिवळा म्हणजे ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’.

जुन्या सिग्नलाच्या पेटीत एक छोटी मोटर असे. ती खाचा पाडलेल्या चकत्या फिरवी आणि खाच आली की दिवा बदले. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ठरलेले सेकंद म्हणजे ठरलेले सेकंद! नवीन पेटी हुशार आहे. डांबराखाली पुरलेली तारेची वेटोळी वरून गेलेलं लोखंड ओळखतात, कॅमेरे रांगा पाहतात आणि संगणक वेळ वाटून देतो. शंभरेक वॅटचा बल्ब जाऊन दहा-पंधरा वॅटमध्ये भागवणारे एलईडीचे ठिपके आले. मात्र हे ठिपके इतके थंड स्वभावाचे, की बर्फाच्या देशात सिग्नलावर बसलेला बर्फ वितळतच नाही. कॅनडातली माझी मावसबहीण म्हणते, जुना बल्ब वीज खायचा खरा, पण निदान आपलं तोंड आपण पुसायचा.

मुंबईच्या पोलिसांनी तर 2020 च्या जानेवारीत निराळीच गंमत जगजाहीर केली. लाल दिव्यावर हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! त्याच वर्षी दादर-माहीमकडच्या सिग्नलांवर पुरुषाऐवजी बाईची आकृती आली. मी कौतुकाने सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आता भर चौकातसुद्धा ताटकळत आम्हीच उभं राहायचं!”

आमच्या धसईला दुसरंच यंत्र आधी आलं. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये, धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून गाजलं. पैशाला सिग्नल लागला. रस्त्याला लागलेला मी अजून पाहिलेला नाही. नाक्यावर एस.टी., पेंढ्याचा टेम्पो, जीप आणि एखादा तत्त्वचिंतक बैल समोरासमोर येतात. ड्रायव्हर काच खाली करून “जा गं आजी, सावकाश” म्हणतो आणि चौक सुटतो. जीपमध्ये पोरगी अडलेली आहे हे टेम्पोवाल्याला ठाऊक असतं. तो न सांगता मागे घेतो. असं ठाऊक असणारी वेटोळी अजून निघायची आहेत. पण बाहेरून सुसाट येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ना आजी ठाऊक, ना पोरगी. सिग्नल शोधला गेला तो अशा एकमेकांना न ओळखणाऱ्यांसाठीच. रहदारी वाढली की तोही लागणारच, आणि लागावाच. आजीचे पाय काही ड्रायव्हरच्या ओळखीवर सोडता येत नाहीत.

फक्त एक विनंती आहे. बँकेत आता अंगठा यंत्रावर ठेवायचा असतो. जन्मभर भाताची लावणी करून रेषा झिजलेला अंगठा यंत्राला पटत नाही. ते लाल दिवा दाखवतं. म्हातारा अंगठा धोतराला पुसतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा लाल. पैसे त्याचे, अंगठा त्याचा, आणि चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा. अशा वेळी खुर्चीतून उठून, शाईचा पॅड शोधून, “काका, या इकडे, कागदावर उमटवा” म्हणणारं कोणीतरी लागतं. यंत्राला त्याच्या जागी राहू द्या. पण लंडनच्या त्या पहिल्या खांबाखाली होता तसा एक माणूस जवळपास असू द्या. गॅस तेवढा नको!