धुरकरी आणि मागे बसणारा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी चांद्याच्या गोंड राजांचा परकोट किंवा माणिकगडची तटबंदी घेऊन आपल्यासमोर उभा राहीन, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज चाकांचा इतिहास सांगणार आहे. त्याला कारण झाले एक घरगुती भांडण.

माझ्या ओळखीच्या एका घरी नवी मोटार घ्यावयाची आहे. धाकट्या चिरंजिवांच्या मनात भरली आहे ती दांडग्या इंजिनाची गाडी, अमेरिकेत जिला ‘मसल कार’ म्हणतात त्या वळणाची. आपण तिला पैलवानी मोटार म्हणू. वडिलांचे म्हणणे एवढेच, की नागपूरला जाऊन येईपर्यंत कंबर जागेवर राहिली पाहिजे. जोर हवा की आराम हवा, यावर घरात दोन तट पडले आणि निवाड्यासाठी मला बोलावणे आले. मोटारींचा मी जाणकार नव्हे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक खोड असते. कोणताही वाद कानांवर आला, की हा पूर्वी कधी झाला होता काय, हे तो पाहू लागतो. आणि पाहू गेलो तो हा वाद आपल्या झाडीपट्टीच्या गोठ्यांत आणि गाडीखान्यांत पिढ्यान् पिढ्या होऊन गेलेला आढळला.

आपल्या जुन्या मोठ्या शेतकऱ्याच्या अंगणात वाहने एकाहून अधिक असत. धानाची पोती, लाकूडफाटा आणि शेणखत वाहावयास बंडी असे. माणसांची ने-आण करावयास रेंगी किंवा दमणी असे; तिच्यावर तट्ट्याचे छत, आत तणशीचा जाड थर आणि त्यावर सतरंजी. आणि शर्यतीचा षोक असला, तर एक हलका छकडाही असे. चाकाला लागणारे तिवसाचे आणि आसाला लागणारे धावड्याचे लाकूड आपल्याच जंगलातले. तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून सुतार चाक उभे करी आणि लोहार त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवी. परंतु बंडी कोणती, दमणी कोणती आणि छकडा कोणता, हे चाक बनण्याच्या आधीच ठरलेले असे. एकाच गाडीने तिन्ही कामे करावीत, असा हट्ट त्या शेतकऱ्याने धरला नाही.

बैलांचेही तेच. शंकरपट आपणांस नव्याने सांगावयास नको. धानाची कापणी-मळणी उरकली, की गावोगाव पट भरतो, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि रात्री नाटक होते. झाडीपट्टीच्या ज्या रंगभूमीचा गौरव 2023 मध्ये परशुराम खुणे यांच्या पद्मश्रीने झाला, ती याच मोसमावर वाढली. या पटाचा बैल निराळा. त्याचा खुराक निराळा, त्याची निगा निराळी, आणि त्याला नांगराला जुंपणे मालकाच्या जिवावर येई. बैलजोडीचे दिवसभर टिकणारे बळ साधारणपणे एक अश्वशक्ती धरतात. पण पटाची जोडी काही थोड्या क्षणांपुरती त्याहून कितीतरी अधिक जोर काढते. या क्षणांसाठी छकडा होईल तितका हलका केलेला. त्यात बसण्याची सोय नाही, कारण त्यात कोणी बसावयाचेच नाही. असतो तो एकटा धुरकरी.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पटाच्या त्या क्षणांत आनंद धुरकऱ्याला होतो आणि धुऱ्यावर उभ्या असलेल्या बघ्यांना होतो. बैलाला काय होते, हे पुष्कळ काळ कोणी विचारले नाही. तो प्रश्न अखेर न्यायालयात गेला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण तिची वाट न्यायालयातच अडली. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर परवानगी मिळाली. आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कोणाचा पक्ष खरा, हा आजचा विषय नव्हे. मला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे, की जोराची हौस एकाची असते आणि तिची किंमत पुष्कळदा दुसराच मोजतो.

आता दमणीकडे वळू. आराम म्हणजे श्रीमंतांचे चोचले, अशी आपली एक समजूत असते. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या गावांनी ही समजूत कधीच मान्य केली नसती. लोखंडी धावेच्या बंडीला कमानपाटे नसतात. चाक दगडावर चढले की तो दगड थेट बसणाऱ्याच्या मणक्याला भेटतो. निरोगी माणूस हसत सोसतो. पण अडलेली बाळंतीण, हाड मोडलेला मजूर, तापाने फणफणलेले पोर यांना दवाखान्यात न्यावयाचे झाले, म्हणजे तोच धक्का जिवावर बेततो. म्हणून गाडीवान अशा वेळी तणस दुप्पट घाली, बैलांचा कासरा आखडून धरी आणि चाकोरी सोडून मऊ धुऱ्यावरून गाडी काढी. जिथे गाडीवाटही नव्हती, तिथे खाटेची डोली करून माणसांच्या खांद्यावरून आजाऱ्याला नेत, आणि गडचिरोलीच्या दुर्गम भागात ही वेळ आजही येते. त्या वाटेवर बैल जोरकसही हवेत आणि गाडी मऊही हवी. उशीर झाला तरी जीव जातो, धक्का बसला तरी जातो. जोर आणि आराम यांचा मेळ हा खरा प्रश्न तिथे उभा राहतो, पटाच्या मैदानात नाही.

या प्रश्नाचे उत्तर जगात तीन बाजूंनी शोधले गेले. पहिली बाजू चाक आणि बैठक यांच्यामधली. इंग्लंडात ओबादिया इलियट या गाडी बनवणाऱ्याने 1804 मध्ये लंबगोल कमानपाट्यांचे पेटंट घेतले आणि गाडीची बैठक आसापासून जणू अधांतरी झाली. दुसरी बाजू चाक आणि रस्ता यांच्यामधली. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली. तो गुरांचा डॉक्टर होता, हे मला फार योग्य वाटते. कारण पुढे त्याच रबरी चाकांची बंडी आपल्याकडे आली, तेव्हा बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला आणि गाडीचे नावच मुळी ‘डनलॉप’ पडले.

तिसरी बाजू खुद्द रस्त्याची, आणि ती आपल्या नागपूरला येऊन मिळते. डिसेंबर 1943 मध्ये देशातील प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय मार्ग, जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग ही आपल्या तोंडी रुळलेली विभागणी तिथून आली. लोखंडी धावेने खडीचा रस्ता कापला जातो आणि कापलेला रस्ता पुन्हा गाडीतल्या माणसाला हाणतो, हे दुष्टचक्र रस्ता आणि चाक दोन्ही सुधारल्याखेरीज तुटणारे नव्हते.

आता मोटारीकडे येऊ. हिंदुस्थानात मोटारींची जुळणी प्रथम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती मुंबईच्या शिवडीस, 1928 मध्ये, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये अमेरिकन डॉज, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. ऐसपैस, सहा सिलिंडरांच्या, जोर आणि आराम दोन्ही बाळगणाऱ्या; पण पेट्रोल मात्र पाण्यासारखे पिणाऱ्या. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले, की गाडीचे भाग ज्यांना इथेच घडवावयाचे असतील त्यांनीच राहावे. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या आणि मोठ्या इंजिनांचा हौशी काळ इथे संपला.

मागे राहिल्या त्यांत या तीन गाड्या ठळक, आणि गंमत अशी, की त्या आपल्या अंगणातल्या वाहनांच्याच वळणाच्या होत्या. 1949 पासून महिंद्र कंपनीने मुंबईत जुळवलेली जीप म्हणजे आपली बंडी. चारी चाकांवर कडक कमानपाटे. नाला, चिखल, जंगल काही न म्हणता चढून जाईल, पण बसणाऱ्याची हाडे मोजून घेईल. 1957 ची अँबॅसॅडर म्हणजे दमणी. बेताचे इंजिन, पण मागची बैठक अशी, की तीन माणसे नि मांडीवर दोन पोरे सुखाने बसावीत. आणि फियाट 1100, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, ती म्हणजे हलकी, चपळ रेंगी. या गाड्यांत पैलवान एकही नव्हता. तरीही अँबॅसॅडर 2014 पर्यंत बनत राहिली आणि पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. बळाच्या बाबतीत मागे असलेल्या गाड्या इतका काळ टिकल्या, याची कारणे अनेक. बाजारात दुसरे काही मिळत नव्हते, हे एक मोठे कारण. पण त्या आपल्या रस्त्याला सोसत होत्या, हेही तितकेच खरे.

इकडे हे चालले असता अमेरिकेत 1964 मध्ये पाँटिअॅक कंपनीच्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चलाखी केली. मध्यम आकाराच्या गाडीत फार मोठे इंजिन घालू नये, असा त्यांच्याच मूळ कंपनीचा दंडक होता. त्यांनी साध्या घरगुती गाडीला जादा सोय म्हणून सुमारे 6.4 लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन देऊ केले आणि जी. टी. ओ. ही मोटार जन्मली. 325 अश्वशक्ती आणि वर. आपल्या भाषेत सांगावयाचे, तर दमणीला पटाची जोडी जुंपली. तरुण अमेरिका वेडी झाली. पण त्या पहिल्या गाडीचे ब्रेक चारी चाकांवर साधे ड्रमचेच होते. धावण्याची शक्ती पटाची आणि थांबण्याची शक्ती दमणीची! 1965 मध्ये राल्फ नेडर यांनी अमेरिकन मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहून रान उठवले. 1966 मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा आला. पुढे विम्याचे चढे दर, धुराचे नियम आणि 1973 चा तेलाचा तुटवडा यांनी त्या पैलवानांचा आखाडा रिकामा केला. नेडर यांच्या प्रश्नाचे मर्म हेच होते, की गाडीत बसलेल्या माणसाचे काय?

आपल्याकडे या वळणाची म्हणून जी गाडी हौशी लोक आजही जपतात, ती हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा. ती 1984 मध्ये आली. मूळची ती इंग्लंडची व्हॉक्सॉल. लांब नाक, रुंद खांदे, मऊ बैठक. देह पैलवानाचा, पण आत इंजिन अँबॅसॅडरच्याच घराण्यातले, सुमारे 50 अश्वशक्तीचे! जी. टी. ओ.ची चूक इथे उलटी झाली होती. दमणी मोठी, आणि जोडी थकलेली. पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन आले, तेव्हा गाडीला गाडीचा जोर मिळाला. लोकांना आवडली ती ही दुसरी काँटेसा. कारण देह, जोर आणि बैठक यांचा मेळ तिच्यात बसला. 2002 पर्यंत ती चालली.

आता त्या घरच्या भांडणाचा निवाडा. इतिहास गाडीचे नाव सांगत नाही. तो निवडण्याची रीत सांगतो. पहिली गोष्ट, जोर किती, हे आकड्यावरून ठरवू नये; जोर कुठे मिळतो ते पाहावे. सावकाश चालत असता, भरलेल्या गाडीला चढावर इंजिन न धापता खेचते काय? आपल्या रस्त्याला तो जोर उपयोगी. ताशी दोनशे किलोमीटरचा नव्हे. दुसरी गोष्ट, जोर वाढला की ब्रेक त्याच मानाने वाढले आहेत काय, ते पाहावे. तिसरी, चाके पाहावीत. दिमाखासाठी रबर पातळ आणि लोखंड मोठे केलेले चाक म्हणजे पुन्हा लोखंडी धावेकडे परत जाणे आहे. आणि स्प्रिंग फार मऊ असली की वळणावर गाडी झोकांड्या खाते, फार कडक असली की खड्डा थेट पाठीत शिरतो. शॉकॲब्सॉर्बरचे काम या दोहोंत समेट घडवण्याचे. हा समेट जमला की नाही, हे दुकानाच्या गुळगुळीत अंगणात कळत नाही. गाडी आपल्या नेहमीच्या खराब रस्त्यावर नेऊन पाहावी.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परीक्षेच्या दिवशी चिरंजिवांनी चाकापाशी बसू नये. त्यांनी मागे बसावे, आणि शेजारी आजीला बसवावे. बंडीपासून जी. टी. ओ.पर्यंतच्या या सगळ्या इतिहासात गाडी निवडली ती बहुधा धुरकऱ्याने, आणि सोसली ती मागे बसणाऱ्याने. ज्या शहाण्या घरांनी मागच्या माणसाला विचारून गाडी घेतली, त्यांच्या अंगणात दमणी आणि पटाची जोडी एकमेकांशी भांडत बसली नाहीत.

मी त्या घरी हाच निवाडा दिला. आजीने मागच्या बैठकीवरून कौल द्यावयाचे मान्य केले आहे. चिरंजीव जरा हिरमुसले. पण आजीला दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर गाडी तेच हाकणार, हे त्यांना मी सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. इतिहासाचा एवढा उपयोग मला पुरे आहे.